वंशद्वेष नक्की कशाला म्हणायचं?

शेवंती (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत टँकरचा खर्च आणि पार्किंग झाल्यावर ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये एक ठराव आला: ईशान्य भारतातल्या भाडेकरूंना यापुढे फ्लॅट देऊ नयेत. आमच्या मजल्यावर मणिपूरच्या दोघी राहायला आल्या आहेत, त्यावरून हे निघालं. एक खासगी हॉस्पिटलात आयसीयूची नर्स आहे, दुसरी विमानतळावर कामाला आहे. शिफ्ट अशा असतात की त्या एकमेकींनाही फारशा भेटत नाहीत.

कारणं तीन सांगितली गेली: रात्री-अपरात्री ये-जा, मित्रमंडळी आणि स्वयंपाकाचा वास. त्या न्गारी नावाचे आंबवलेले मासे वापरतात आणि त्याचा वास जिन्यात येतो, हे खरं आहे. पण तिसऱ्या मजल्यावर सुकट भाजली की खाली पार्किंगपर्यंत कळतं आणि रात्री दोनला घरी येणारी आयटीतली मुलंही याच इमारतीत राहतात. त्यांच्यावर कधी ठराव आलेला नाही. मी उठून म्हटलं, हा वंशद्वेष आहे. त्यावर सभा एकदम तापली. “म्हणजे आम्ही हिटलर का?” असं एकांनी विचारलं. शेवटी ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

हात वर करणारी माणसं मी ओळखते. त्यातल्याच एका काकूंनी लॉकडाऊनमध्ये वॉचमनच्या कुटुंबाला रोज डबा दिला होता. म्हणून हा प्रश्न मला इथे नीट मांडायचा आहे. माणसांत फरक दिसतात, चेहऱ्यात, बोलण्यात, जेवणात, आणि ते दिसण्यात काही गैर नाही. माझ्या मते गडबड पुढे होते. एखाद्याला घर मिळणार की नाही, हे त्याला भेटण्याआधीच त्याच्या गटावरून ठरतं आणि त्याची किंमत फक्त तोच मोजतो. मी याला वंशद्वेष म्हणते. तुम्ही रेघ कुठे ओढता?

अनंत६२

शेवंतीताई, मी बरीच वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. भांडण झालं की रात्री फोन सेक्रेटरीला येतो आणि पोलीसही त्याच्याच दारात उभे राहतात. अशा वेळी माणूस सोपा मार्ग शोधतो आणि ‘असे भाडेकरूच नकोत’ म्हणतो. बॅचलर नकोत, कॉल सेंटरवाले नकोत, हेही त्यातलंच. त्यात भीती असते, कंटाळा असतो, पण द्वेष असतोच असं नाही.

वंशद्वेष म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर दक्षिण आफ्रिकेतले वेगळे डबे आणि वेगळी बाकं येतात, ज्यू लोकांचे छळछावण्यांतले फोटो येतात. मासळीच्या वासावरून झालेल्या कुरबुरीला तोच शब्द लावला, तर समोरचा कान बंद करून घेतो. ठराव चुकीचा आहे, याबद्दल मी तुमच्याबरोबर आहे. शब्दाबद्दल नाही.

चेरापुंजी_मेल

नोकरीमुळे मी शिलाँगला राहिलो आहे. तिथे खासी नसलेल्या प्रत्येकाला ‘डखार’ म्हणतात आणि ते ऐकताना आपण परके आहोत हे बरोबर समजतं. १९७९ पासून तिथे बंगाली आणि नेपाळी कुटुंबांवर हल्ले झाले, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं घरं विकून सिलीगुडीला, सिल्चरला गेली. तेव्हा ईशान्येतली माणसं याच्या पलीकडची आहेत असं मी म्हणणार नाही.

पण एक फरक माझ्या अंगावरून गेलेला आहे. शिलाँगहून गुवाहाटीला उतरलो की माझं परकेपण संपायचं. मी परत कोट्यवधींतला एक व्हायचो. या मुलींचं तसं नाही. पुणे, दिल्ली, बंगळुरू, इंदूर, कुठेही गेल्या तरी ते त्यांच्याबरोबर जातं, कारण ते चेहऱ्यावर आहे.

अनंतकाका, किती कुरबुर झाली की तिला मोठा शब्द लावायचा? जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानाशी थांबला. त्याच्या केसांची टिंगल झाली, तो चिडला, मारामारी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. जेमतेम विशीचा पोरगा. सुरुवात टिंगलीपासूनच झाली होती. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. समितीने वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलम घाला असं सुचवलं, आणि ते कलम अजून आलेलं नाही.

आणि पुण्याचं म्हणाल तर ऑगस्ट २०१२ आठवा. आसाममधल्या हिंसाचारानंतर अफवा पसरल्या, पुण्यात ईशान्येकडच्या काही तरुणांना मारहाण झाली, आणि मुलं सामान घेऊन गुवाहाटीच्या गाड्या पकडायला स्टेशनवर जमली. मारणाऱ्यांनी कुणाला ‘तू कुठल्या राज्यातला’ असं विचारलं नव्हतं. चेहरा पाहिला आणि मारलं.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. घटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे शब्द आहेत. पण त्याचा पहिला भाग शासनाला बांधतो आणि दुसरा दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांना. खासगी घरमालकाने कुणाला भाड्याने द्यावं, यावर ते थेट लागू पडत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम, वैध ठरवला होता. मला तो निकाल पटत नाही, पण तो आहे.

तुमच्या सोसायटीचं मात्र वेगळं आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटीला कळवायचं असतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती जोडायची असते. परवानगी मागायची नसते. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) घेऊ शकते, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. म्हणजे हा ठराव मंजूर झाला तरी तुमच्या शेजारच्या मालकावर तो बंधनकारक होणार नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे एक अर्ज केला की झालं.

आणखी एक. २०१२ मध्ये गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की ईशान्येतल्या लोकांना चेहऱ्यावरून हिणवलं तर ॲट्रॉसिटी कायदा लावा. पण तो अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. मणिपूरच्या मैतेई समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा नाही. शिवी तीच, चेहरा तोच, पण फिर्याद घेताना ठाणे अंमलदार आधी जातीचा दाखला मागणार. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३ (२) मध्ये ‘वंश’ हा शब्द आला आहे, पण तो पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी. नुसत्या वांशिक शिवीसाठी स्वतंत्र कलम अजून नाही, ही माझ्या दृष्टीने फार मोठी उणीव आहे.

लीड्सकर

अनंतकाकांच्या मुद्द्यावर बोलतो, कारण तो इकडेही रोज ऐकू येतो: “तसा हेतू नव्हता.”

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात छळाची व्याख्या करताना ‘हेतू किंवा परिणाम’ असे शब्द आहेत. हेतू नसला तरी वागण्याचा परिणाम माणसाची प्रतिष्ठा घालवणारा असेल, तर तो छळ. आमच्या गावच्या यॉर्कशायर क्रिकेट क्लबमध्ये अझीम रफीक या पाकिस्तानी वंशाच्या क्रिकेटपटूला वर्षानुवर्षं एका शिवीने हाक मारली जायची. क्लबच्या चौकशीने शिवी मान्य केली आणि वर म्हटलं की ती मित्रामित्रांतली चेष्टा होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रायोजक निघून गेले, अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं, आणि मग रफीक संसदीय समितीपुढे बोलला, बोलताना रडला. मी तेव्हा ऑफिसात होतो. माझ्या टीममधले इंग्रज सहकारी खरोखर गोंधळले होते. त्यांना वाटायचं, तोही हसायचा की! तो हसला नसता तर त्याला संघात जागा राहिली असती का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता.

पुढे त्याच महिन्यात रफीकनेच २०११ मध्ये ज्यू लोकांबद्दल लिहिलेले घाणेरडे मेसेज बाहेर आले आणि त्याने माफी मागितली. त्यामुळे त्याच्यावर झालेला अन्याय काही पुसला जात नाही. सोसलेला माणूस दुसऱ्याला सोसायला लावत नाही, असा भ्रम मात्र कुणी ठेवू नये.

अनंत६२

परिणामावरच ठरवायचं म्हटलं तर उद्या कुणीही उठून म्हणेल, मला वाईट वाटलं, तुम्ही वंशद्वेष्टे. मग शेजारधर्म कसा चालायचा?

लीड्सकर

काका, प्रश्न रास्त आहे, आणि कायद्याने तो सोडून दिलेला नाही. ज्याला लागलं त्याला काय वाटलं, परिस्थिती काय होती, आणि कुणाही समंजस माणसाला तसं वाटणं वाजवी आहे का, या तिन्ही गोष्टी बघितल्या जातात. न्गारीचा वास आवडत नाही असं तुम्ही दारात येऊन सांगितलं आणि एक्झॉस्ट लावायला सुचवलं, तर त्यात वंशद्वेष कुणी शोधणार नाही. ‘हे लोकच नकोत’ म्हटलं की त्यात एक्झॉस्ट लावायलाही जागा उरत नाही.

स्पष्टवक्ता

चर्चा एका बाजूला चालली आहे असं वाटतं. गटागटांत फरक असतात हे बोलायचंच नाही का? मॅरेथॉन केनियाचे लोक जिंकतात. शंभर मीटरला जमैका. गुरखा पलटणीत घेतात ते उगाच नाही. ही निरीक्षणं आहेत. प्रत्येक निरीक्षणाला वंशद्वेष म्हणायला लागलो तर डोळे मिटूनच जगावं लागेल. मी कुणाला कमी लेखत नाही, उलट कौतुकच करतो आहे.

यल्लापूरचा_घाट

स्पष्टवक्ता, तुमचा सूर प्रामाणिक वाटला, म्हणून सविस्तर लिहितो. मी उत्तर कन्नडचा. आमच्याकडे यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. शेकडो वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून, सैनिक म्हणून आणलेल्यांचे वंशज. गोव्यातल्या पोर्तुगीजांकडून पळून आलेलेही त्यात आहेत. घरात कोकणी बोलतात, दुकानात कन्नड, आणि हल्याळच्या बाजारात मराठीही.

१९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या लोकांनी अगदी तुमच्यासारखंच निरीक्षण केलं: आफ्रिकन वंशाचे लोक ऑलिंपिक गाजवतात, आपल्याकडे आफ्रिकन वंशाचे लोक आहेत, तेव्हा पदकं इथून येतील. ‘स्पेशल एरिया गेम्स’ योजनेत सिद्दी मुलं-मुली शोधून नेली, वसतिगृहात ठेवली, प्रशिक्षक दिले. काही मुलं राष्ट्रीय पातळीवर चमकलीसुद्धा. १९९३ मध्ये योजना गुंडाळली. काहींना खेळाडू म्हणून नोकऱ्या लागल्या, बाकीचे शाळा अर्धवट टाकून आलेले होते ते गावी परतले, सुपारीच्या बागांत मजुरीला लागले.

ज्यांनी योजना आखली त्यांनाही कौतुकच वाटत होतं. पण केनियातले बहुतेक मोठे धावपटू रिफ्ट व्हॅलीतल्या उंच पठारावरच्या एका कालेनजिन समूहातून येतात. तिथे उंची आहे, लहानपणापासूनची धाव आहे, धावून घर बांधलेले शेजारी आहेत. आफ्रिकेत पन्नासावर देश आहेत, त्यातल्या बहुतेकांना मॅरेथॉनचं पदक नाही. तुम्ही ‘काळे’ नावाचा गट बघता आणि एका पठारावरचं यश त्या सगळ्यांना वाटून देता. मग सिद्दी पोराने अभ्यासात रस दाखवला की मास्तर म्हणतात, तुझं मैदानावर काम. असं म्हणताना मी ऐकलं आहे.

त्याच सिद्दी मुलाला मोठ्या शहरात फिरताना पासपोर्ट विचारतात. तो कोकणीत उत्तर देतो तेव्हा विचारणारे हसतात. आमच्या गावातला एक मुलगा आता खिशात आधार कार्डाची लॅमिनेट केलेली प्रत ठेवतो, शर्टाच्या वरच्या खिशात, पटकन काढता यावी म्हणून.

म्हापसेकर

याच संदर्भात आमच्या गोव्याचं सांगणं भाग आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्रा गावात एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. त्यानंतर जे सुरू झालं ते भयंकर होतं. राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सर म्हटलं, पुढे दिलगिरी व्यक्त केली. ड्रग्ज नको, नायजेरियन नको, असे फलक लागले. खोल्या देऊ नका अशी गावागावांत बोलणी झाली.

किनाऱ्यावर ड्रग्ज विकणारे रशियन, इस्रायली, आपले स्थानिकही पकडले गेलेत. पण ‘रशियन नको’ असा फलक मी पाहिला नाही. गुन्हा एका माणसाचा असतो. तो कुणाच्या बाबतीत त्याच्या सगळ्या देशाचा होतो आणि कुणाच्या बाबतीत त्याच्यापुरताच राहतो, इथे मला रेघ दिसते.

डॉ_वैनगंगा

गटांतले फरक आणि वैद्यक या विषयावर लिहावंसं वाटलं. सिकल सेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. अमेरिकी पुस्तकांत तो काळ्या लोकांचा आजार म्हणून शिकवला जायचा. मी गडचिरोलीत काम करते. इथे गोंड, माडिया पाड्यांवर, तिकडे नंदुरबारला भिल्ल आणि पावरा लोकांत, विदर्भात इतरही अनेक समाजांत तो आहे. ग्रीसमध्ये आहे, सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आहे. जिथे शतकानुशतकं मलेरिया होता तिथे हा जीन टिकला, कारण एकच प्रत असेल तर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. कातडीच्या रंगाशी त्याचं काही नातं नाही.

आश्रमशाळेत आम्ही तपासणी करतो तेव्हा बोटातलं थेंबभर रक्त द्रावणात टाकतो आणि नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरतो. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी. मुलगी कोणत्या गावाची, कोणत्या समाजाची हे मी विचारते, आणि ते विचारणं आवश्यकच आहे. पण त्या उत्तराने फक्त माझी चाचणी सुरू होते. निदान नळी करते. ओळीत पुढे उभी असलेली, त्याच पाड्यावरची, त्याच जमातीची मुलगी पूर्ण निरोगी निघते.

१९७२ मध्ये रिचर्ड लुवाँटिन यांनी मोजून दाखवलं की माणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. उरलेल्या थोड्या फरकाचा उपयोग आम्ही डॉक्टर करतोच. त्यावरून स्वभाव, लायकी, स्वच्छता ठरवायला मात्र तिथे काही नाही.

दुःख याचं आहे की आता काही गावांत लग्न जुळवताना ‘त्या समाजात सिकल आहे’ म्हणून अख्ख्या समाजाला नाकारतात, तपासणीचं कार्ड बघत नाहीत.

पर्वतीपायथा

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून इरावती कर्वे आठवल्या. १९२०च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी.ला गेल्या. फिशर हे वंशशास्त्रातलं बडं प्रस्थ. पुढे नाझींनी त्यांच्या विचारांचा आधार घेतला. इरावतीबाईंना दिलेला विषय होता कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला असमतोल. गोऱ्यांच्या कवटीत तो जास्त असणार आणि त्यावरून त्यांची बुद्धी वरचढ ठरणार, अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाशी या असमतोलाचा संबंध दिसत नाही. पंचविशीच्या आतली, परक्या देशातली, परक्या भाषेत लिहिणारी मुलगी, आणि समोर परीक्षक म्हणून तेच गुरू!

पुढे डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींची डोकी-नाकं मोजणं सोडलं नाही, यावर आज टीका होते आणि ती योग्यच आहे. पण ‘ब्राह्मण’ या एका नावाखालच्या पोटजातीही शरीराने एकसारख्या नाहीत, हे त्यांच्याच मोजमापांतून पुढे आलं. ज्यांना गटांतल्या फरकांबद्दल बोलायचं आहे त्यांनी आधी मोजून बघावं, आणि उत्तर उलटं आलं तर ते लिहावं. स्पष्टवक्ता, हे तुम्हाला उद्देशून, पण आदराने.

भीमाकाठ

आता ज्याला कुणी हात लावला नाही त्या विषयावर येतो.

चेहरा वेगळा दिसतो म्हणून भेद होतो, असं वर बऱ्याच जणांनी धरून चाललं आहे. माझा चेहरा तुमच्यासारखाच आहे. ब्रोकर फोनवर आधी ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणतो. आडनाव सांगितलं की फ्लॅट ‘कालच गेला’. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहिलं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, जातीने वंश वेगळे केलेले नाहीत. १९४८ मध्ये त्यांनी नाकांच्या मोजमापांचे तक्ते समोर ठेवून दाखवलं की अस्पृश्य हा वेगळा वंश नाही. रिस्लेसारखे इंग्रज अधिकारी नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड लावत होते, त्याला हे उत्तर होतं.

म्हणजे फरक नसतानाही भेद उभा राहतो. आधी कुणाला खाली ठेवायचं ते ठरतं, खूण मागाहून सापडते. चेहरा सापडला नाही तर आडनाव सापडतं, आडनाव बदललं तर गाव विचारतात, गाव चुकवलं तर ताटात काय आहे ते बघतात. म्हणून शेवंतीताईंच्या सभेत वासाची गोष्ट निघाली तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. माझ्या आईने भाड्याच्या घरात बोंबील कधी भाजले नाहीत. खिडक्या बंद करूनही नाही.

जात म्हणजे वंशद्वेषच का? २००१ मध्ये डर्बनला झालेल्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारने नाही म्हटलं. पण भारताने १९६८ मध्ये स्वीकारलेल्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत वंश आणि त्वचेचा रंग यांबरोबर ‘जन्मवंशपरंपरा’ही आहे आणि २००२ मध्ये त्या कराराच्या समितीने त्यात जात येते असं स्पष्ट केलं. नावाचा वाद अभ्यासकांनी जरूर घालावा. जोतीरावांनी मात्र १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्यांना दोन्हीतलं साम्य कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

अनंत६२

भीमाकाठ, तुमच्या आईंबद्दलचं वाचून थांबलो. शब्दाबद्दल मी अजून पूर्ण तुमच्या बाजूला आलेलो नाही. पण सेक्रेटरी म्हणून विचारतो: आवाज, वास, पार्किंग, पाहुणे यांचे नियम सगळ्यांना एकच ठेवले आणि तक्रार फ्लॅट क्रमांकावर घेतली, राज्यावर नाही, तर तुमच्या मते पुरेसं होईल का?

काळा_कोट

सुरुवात म्हणून उत्तम. तक्रार लेखी, तारखेसह, आणि संबंधित भाडेकरूला उत्तर द्यायची संधी देऊन. शेवंती, याच धर्तीवर पर्यायी ठराव सभेच्या आधी सूचनापत्रात घालून घ्या.

लोकताक

नमस्कार. मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहिते आहे. वडील सैन्यात होते, त्यामुळे माझी शाळा खडकीला झाली. आम्ही मैतेई. मला मराठी येतं हे कळलं की लोक आनंदाने विचारतात, “इतकं छान कसं येतं?” त्यात प्रेम असतं, मी ते ओळखते. पण वीस वर्षं इथे राहिलेल्या तमिळ मैत्रिणीला हे कुणी विचारत नाही.

हिणवणारे शब्द रस्त्यावर ऐकू येतात, त्यांची सवय होते. सवय न होणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. घर बघायला फोन केला की मराठी ऐकून ‘या, या’ म्हणतात, आणि दार उघडल्यावर चेहरा बघून ‘घरात विचारून सांगतो’ म्हणतात. कोविडच्या सुरुवातीला दुकानात मला चीनवरून बोलले, तेव्हा माझी चुलत बहीण कोविड वॉर्डात ड्यूटी करत होती.

आणि एक गोष्ट, जी इथे कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. मे २०२३ पासून मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी हे दोन समाज एकमेकांच्या भागात पाऊल टाकू शकत नाहीत. दोन्हीकडची गावं जळाली, माणसं मेली, माझ्या नात्यातलीही. पुण्यात माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये चुराचांदपूरची कुकी मुलगी राहायची. आम्ही जिन्यात एकमेकींकडे बघत नव्हतो. मग एकदा दोघींनाही एकाच घरमालकाने एकाच दिवशी, एकाच कारणाने खोली सोडायला सांगितली: ‘तुम्हा लोकांचा त्रास होतो.’ ज्या माणसांना आमच्यातला फरक दिसतच नव्हता, त्यांना आमच्यात आणि त्यांच्यात एवढा मोठा फरक कसा दिसला, हे मला अजून कळलेलं नाही. मला तिच्याबद्दल काय वाटत होतं, तिला माझ्याबद्दल काय, त्यालाही काय म्हणायचं हे मी शोधते आहे. तो प्रश्न मी इथल्या कुणावर टाकत नाही.

शेवंतीताई, तुमच्या शेजारणींना ठराव आल्याचं कुणी सांगितलंय का? भाडेकरूला सभेत मत नसतं, माहीत आहे. पण ज्यांच्याविषयी ठराव आहे त्यांना बसू द्या, आणि बोलायचं असेल तर बोलू द्या. नर्सची रात्रपाळी असेल तर सभा संध्याकाळी ठेवा, सकाळी त्या झोपलेल्या असतात.